हेदपाड्याचा हिरवा ठिपका

पेठ नाका, नाशिक
२१ नोव्हेंबर

प्रिय रोशनी,

मोबाइलच्या कामावरच्या मुलीकडून कागदावरचं पत्र आलं म्हणून तू आधी आत्याला पाकीट दाखवशील. "मॅडमचं चार्जिंग संपलं वाटतं," असंही म्हणशील. चार्जिंग आहे. आज तीनदा तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. जे सांगायचं आहे ते मला सलग बोलता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

आधी इकडचं सांगते. तुझी खाट मी अजून कोणाला दिलेली नाही. घरमालकीण दर पंधरा दिवसांनी विचारते, "ती हसणारी पोरगी येणार आहे की नाही?" दोन वर्षं या खोलीत मीही राहते आहे, पण मला ती 'पहिल्या मजल्यावरची' म्हणते. ऑफिसात धान्यनोंदीचे आता चव्वेचाळीस पाडे झाले. भिंतीवर मोठा पडदा लावला आहे, त्यावर पेठ तालुक्याचा नकाशा आणि प्रत्येक पाड्याचा एक ठिपका. पाहुणे येतात, सरफराज सर त्यांना ठिपके दाखवतात, पाहुणे माना डोलावतात. हेदपाड्याचा ठिपका मात्र सप्टेंबरपासून करडा आहे. तुझ्याकडून मोबाइल काढून घेतला त्याला अडीच महिने झाले, आणि तुझ्या जागी नोंदी घ्यायला पाड्यातलं एकही माणूस तयार झालेलं नाही. तुझ्याच पाड्यात तुझ्यावर ठपका ठेवून बसलेली माणसं तुझी जागा घ्यायलाही तयार नाहीत, हे मला समजायला वेळ लागला.

मला तुझा हेवा वाटतो, रोशनी. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

कधीपासून, तेही सांगते. पहिल्या दिवसापासून. ट्रेनिंगच्या खोलीत मी पहिल्या बाकावर होते, नवी वही, दोन पेनं, कृषी पदवीचा दाखला पिशवीत, कोणी मागितला तर. सर म्हणाले होते, "पाऊस कधी येणार हे सांगणारे पुष्कळ आहेत. कोणत्या घरातला दाणा किती दिवस पुरणार हे विचारणारं कोणी नाही. ते आपण विचारायचं." मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मे महिन्यात घरोघर जायचं, किती महिन्यांचं धान्य उरलं ते मोबाइलवर भरायचं, दोन महिन्यांच्या खाली असलेला पाडा नकाशावर लाल होणार, आणि आषाढ लागायच्या आत संस्थेच्या कोठीतून तिथं धान्याची गाडी जाणार. मला ते इतकं खरं वाटलं होतं की अंगावर काटा आला. माहिती वेळेवर पोचली तर कोणी उपाशी राहणार नाही, असं मी त्या रात्री घरी नानांना फोनवर सांगितलंसुद्धा. नाना म्हणाले, "बरं. जेवली का?"

आणि तू शेवटच्या बाकावरून विचारलंस, "सर, लोकांनी खरं नाय सांगितलं तर?" सरांनी उलट विचारलं, "मग काय करायचं?" तू म्हणालीस, "मग आपण नीट विचारलं नाय, असं समजायचं." सगळे हसले. सरांना त्या दिवसापासून तुझं नाव पाठ झालं. माझं नाव ते पुढचे दोन आठवडे हजेरीच्या कागदावर बघून घेत होते. बारावीनंतर कॉलेज सोडलेली मुलगी, आणि मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हा हिशोब मी त्या दिवशी मनात मांडला आणि पुढे रोज मांडत राहिले.

पाड्यांवर आपण जोडीनं फिरलो तेव्हा तर तो वाढतच गेला. मी दारात उभी राहून मोबाइल उघडायचे आणि पहिला प्रश्न वाचायचे. माणसं मला मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसासारखी उत्तरं द्यायची, एका शब्दात, आत न बोलावता. तू मोबाइल पिशवीतून काढायचीच नाहीस. बाया भाजी निवडत असतील तर तू निवडायला बसायचीस. कोणाची सून कुठं गेली, कोणाची गाय व्याली, यात अर्धा तास जायचा. मग बाहेर पडून वरच्या माळावर, जिथं नेटवर्क येतं तिथं, तू सगळ्या नोंदी एका दमात भरायचीस. आधी छोट्या वहीत, मग मोबाइलवर. मी म्हणायचे, "दोनदा कशाला लिहितेस?" तू म्हणायचीस, "वहीला रेंज लागत नाय." मी तुझ्यापुढं हसायचे आणि आतल्या आत जळायचे. माझ्या नोंदी वेळेवर, पूर्ण, एकही रकाना रिकामा नसलेल्या. तुझ्या नोंदी खऱ्या. हा फरक मला तेव्हाही कळत होता.

तरी मी ते सहन केलं असतं. पण मग तू सायखेड्याला आमच्या घरी आलीस.

मीच आणलं होतं तुला, मार्चमध्ये, तीन दिवस. आईला तुझी ओळख करून देताना 'माझ्या हाताखाली आहे' असं म्हणाले होते, ते तू ऐकलंस. नाना तुला कांदाचाळीत घेऊन गेले. कोणत्या बाजूनं वारा येतो, कुजायला लागलेला कांदा दिसायच्या आधी वासानं कसा ओळखायचा, सगळं दाखवलं. मी चाळीच्या दारात उभी होते. बावीस वर्षं त्या घरात वाढले, नानांनी मला कधी चाळीत नेऊन कांदा हुंगायला सांगितलं नाही. "तू अभ्यास कर, हे आमचं आम्ही बघतो," एवढंच. माझा दाखला त्यांनी लॅमिनेट करून देवघराशेजारी लावला आहे, आल्यागेल्याला दाखवतात. त्यात प्रेम आहे हे मला कळतं. पण शेतातलं त्यांनी तुला समजावलं. रात्री जेवताना म्हणाले, "हिला कळतं रे." आमच्या घरात 'रे' मलाच म्हणतात. म्हणजे मला सांगत होते, तुझ्याबद्दल.

एप्रिलमधला अवकाळी पाऊस तुला आठवत असेल. हवामान खात्याचा इशारा सकाळीच आपल्या ऑफिसात आला होता. मी तो नानांना पाठवला, वर दोन ओळी स्वतः लिहिल्या, कांदा काढून शेतात पडलेला आहे, झाकून घ्या. नानांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि चहाला गेले. दुपारी तू त्यांना सहज फोन केलास. "नाना, अंगठा काय दाखवता, ताडपत्री टाका आधी!" नाना उठले. चारला गारा पडल्या. शेजारच्यांचा कांदा भिजला, आमचा वाचला. सायखेड्याच्या पारावर नाना अजून सांगतात, रोशनीचा फोन आला म्हणून वाचलो. इशारा माझा होता, रोशनी. मी हे कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, मग बापानं ऐकलं का नाही तुझं?

त्यानंतर तीन आठवड्यांनी मेच्या नोंदी आल्या.

आता मी हळू लिहिते आहे. प्रत्येक नोंदीसोबत घरातल्या धान्याच्या टोपल्यांचा एक फोटो घ्यायचा, आधी हेदपाड्यातच करून बघायचं, ही कल्पना माझी होती. सरांना ती आवडली होती. नोंद आणि फोटो पडताळून बघायचं काम त्यांनी मलाच दिलं. तू कुरकुर न करता एकतीसच्या एकतीस घरांचे फोटो पाठवलेस. कुसाबाईनं तर फोटोसाठी डोक्यावर पदर घेतला होता आणि टोपल्यांच्या पुढं ताठ उभी राहिली होती, लग्नातल्यासारखी. मी तिच्या मागच्या टोपल्या मोजल्या. मोठ्या तीन, आणि वर आढ्याला टांगलेल्या, शेणामातीनं लिंपलेल्या चार. तुझी नोंद होती: सव्वा महिना पुरेल. मी पुन्हा मोजलं. मग दुसरं घर, तिसरं घर. सगळीकडे तेच. फोटोत दिसतं त्याच्यापेक्षा तुझ्या नोंदीत कमी.

मला त्या क्षणी काय वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला वाटलं, सापडली.

तू आत्याकडे त्याच पाड्यात वाढलीस. आपल्या माणसांना गाडी मिळावी म्हणून धान्य कमी दाखवतेस, असं मी ठरवून टाकलं. मोबाइल माझ्या हाताशीच होता. सकाळीच तू कोंबडी मागं लागलेल्या सरपंचाचा कसलासा व्हिडिओ पाठवला होतास, त्यामुळे तुझं नाव सगळ्यात वर होतं. एक बोट लावायचं आणि विचारायचं, रोशनी, वरच्या टोपल्यांत काय आहे गं? मी नाही विचारलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की तपासणी निःपक्ष हवी. खरं कारण वेगळं होतं. विचारलं असतं तर तुझंच बरोबर निघालं असतं, ही भीती होती मला.

सोमवार होता तो. सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत बसून मी एकतीस घरांच्या नोंदी फोटोंप्रमाणे 'दुरुस्त' केल्या. कुसाबाई सव्वा महिन्यावरून अडीच महिने. मंगळूबाबा दीड महिन्यावरून पावणेतीन. शेवटचं घर भरलं आणि नकाशावर हेदपाड्याचा लाल ठिपका हिरवा झाला. मी खाली जाऊन मिसळ खाल्ली. मला छान वाटत होतं. गरजू पाड्यांचं धान्य दुसरीकडे जाण्यापासून मी वाचवलं, असं वाटत होतं. हे सगळं तुला आत्तापर्यंत माहीत नव्हतं, असं धरून मी लिहिते आहे.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आषाढाच्या तोंडावर गाडी बाकीच्या लाल पाड्यांना गेली, हेदपाड्याला आली नाही. तू फोन केलेस. "वेदिका, गाडी कधी? लोकं विचारतात गं." मी म्हणाले, यादीत नाव दिसत नाही, बघते. मी बघितलं नाही. मंगळूबाबांनी तुला सगळ्यांदेखत म्हटलेलं तूच मला नंतर हसत सांगितलंस, "तुझ्या मोबाइलात आमची पोटं भरलेली दिसतात वाटतं." हसत सांगितलंस, पण त्या महिन्यात तू आत्याकडे जेवायची बंद झालीस, हे मला मागाहून कळलं.

आणि एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. जुलैत नानांचा फोन आला होता. खुशीत होते. "पेठकडची माणसं यंदा लवकर उतरली. एरवी त्यांची आवणी झाल्याशिवाय येत नाहीत. टोमॅटोची बांधणी वेळेत होईल आपली." मला आनंद झाला. माणसं आपल्या खाचरात भाताची रोपं तशीच ठेवून, लावणी अर्धी टाकून मजुरीला का आली, हे मी विचारलं नाही. त्यांच्यात कुसाबाईचा मुलगा आणि सून होती. आमच्या शेतात होती, रोशनी. आईनं त्यांना चहा दिला असेल.

चुकीच्या नोंदी भरल्या म्हणून सरांनी बोलावलं आणि सप्टेंबरमध्ये तू ऑफिसात आलीस. प्लास्टिकच्या पिशवीत वही, बाहेर पाऊस, तुझ्या चपला हातात. सरांच्या खोलीत तू दहा मिनिटं होतीस. बाहेर आलीस तेव्हा मोबाइल आत राहिला होता आणि पिशवी तशीच गाठ मारलेली तुझ्या हातात होती. मी जागेवरून उठले नाही. तूच माझ्या टेबलापाशी आलीस आणि म्हणालीस, "मशीनचं डोकं फिरलं असंल. तू नको मनाला लावून घेऊ." माझी समजूत काढलीस. काम तुझं गेलं होतं, आणि समजूत माझी काढलीस. त्या दिवशी सरांनी तुझ्याआधी मला आत बोलावलं होतं. त्याबद्दल शेवटी लिहिते. अजून हात धजावत नाही.

गेल्या मंगळवारी मी हेदपाड्याला गेले. करडा ठिपका बरा दिसत नाही, कोणीतरी जाऊन नोंदी सुरू करा, असं ठरलं आणि मी गेले. जीप वरपर्यंत जात नाही, शेवटचा चढ चालत. पहिल्या घरात कोणी नव्हतं, दुसऱ्यातही. सगळे खळ्यावर होते, नागलीची मळणी चालली होती. मंगळूबाबांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. कुसाबाईनं मात्र बसायला पोतं टाकलं. तिचं खळं लहानसंच होतं. खाचरं अर्धी पडीक राहिली म्हणाली, कोणाला दोष न देता, पाऊस कमी झाला म्हणावं तसं.

मळणीच्या आधी ती कणसं निवडत होती. भरदार, मुठीसारखी वळलेली तेवढी बाजूला. ढीग एवढासा, पण त्यातलं सगळ्यात चांगलं ती आधी काढून ठेवत होती. मग ते वेगळं झोडलं, पाखडलं, राखेत कालवलं आणि एका लहान टोपलीत भरून तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं. तशीच टोपली. फोटोतली. मी सवयीनं मोबाइल उघडला आणि विचारलं, "हे किती दिवस पुरेल?"

तिनं शेणाचे हात पुसले. "हे? हे खायाचं नाय, बाय. बी हाय हे."

मी म्हणाले, पण अगदीच काही नसलं घरात, तर? श्रावणात काही नव्हतं तेव्हा?

"श्रावणात ते जमिनीत गेलं होतं ना. आन नसतं गेलं तरी. कंद खाऊ, भाजी खाऊ, मजुरीला जाऊ. बी खातं का कोणी? ते आपलं नाय, कणसरी देवीचं हाय." मंगळूबाबा तिकडून पहिल्यांदाच बोलले. "ही शिकलेली हाय ना, मग हिला कोणी शिकवलं नाय?" बाया हसल्या. मीही हसायला गेले आणि जमलं नाही.

चार वर्षं मी बियाणं शिकले. उगवण किती टक्के, ओलावा किती, कोणतं वाण किती दिवसांचं. आमच्याकडे गहू, सोयाबीनचं बी छापील थैलीत येतं, टोमॅटोची रोपं ट्रेमधून येतात. नाना कांद्याचं बी घरचं धरतात, पण ते एका डब्यात मावतं. घरात टोपल्याच्या टोपल्या भरलेल्या असतात आणि माणसं त्यांच्याखाली अर्धपोटी झोपतात, हे माझ्या कल्पनेतसुद्धा येण्यासारखं नव्हतं. तुला ते सांगायचीही गरज वाटली नव्हती. तुझ्या दृष्टीनं त्या टोपल्या धान्य नव्हत्याच, म्हणून तू त्या मोजल्या नाहीस. आणि मी त्याही खाण्यात मोजल्या.

कुसाबाईनं मला नागलीची भाकरी दिली. मी खाल्ली. निघताना तिनं विचारलं, "रोशनी कवा येनार गं? तिच्यावर रागावलो आमी, पन आता बास झालं म्हनावं." माझ्याबद्दल तिला काही माहीत नाही. उतारावरून येताना मला रडू आलं. त्यातही एक विचार असा होता, की इतक्या लोकांनी रागवावं इतकी जवळची मी जन्मात कधी होणार नाही. बघ, तिथंसुद्धा हेवाच.

आता शेवटचं. आज सकाळी मी सरांसमोर बसून नोंदींचा इतिहास उघडला. कोणत्या तारखेला, कोणत्या नावानं, कोणता आकडा बदलला, सगळं त्यात असतं; कोणी उघडून बघत नाही इतकंच. एकतीस ओळी, एकतीस वेळा माझं नाव. सरांनी सगळ्या वाचल्या. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आणि वहीबद्दल तू जे म्हणालीस ते?" कारण ते त्यांच्या लक्षात होतं. सप्टेंबरमध्ये तुला आत बोलावण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, रोशनीच्या वहीत वेगळे आकडे आहेत म्हणते, ती वही खरी धरायची का? आणि मी म्हणाले होते, "सर, वहीत काय, नंतरही लिहिता येतं." म्हणून तुझ्या पिशवीची गाठ सुटली नाही, रोशनी. मशीनमुळे नाही. टोपल्या मोजताना मी चुकले होते, पण हे वाक्य मी चुकून बोलले नाही. तू खोटी नाहीस हे मला ते बोलतानाही माहीत होतं. सर म्हणाले, "त्या पोरीनं एकदाही तुझं नाव घेतलं नाही." तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की नोंद बदलायचा अधिकार फक्त सरांना आणि मला आहे, हे फोटो सुरू करताना तुलाही सांगितलेलं आहे. तुला तेव्हाच कळलं होतं का? कळूनही माझ्या टेबलापाशी आलीस का? उत्तर देऊ नकोस. हो असेल तर मला त्याचाही हेवा वाटेल, आणि नसेल तर लाज.

सर तुला आजच फोन करणार होते. मी त्यांच्याकडून चार दिवस मागून घेतले, ते या पत्रासाठी. तुझं नाव कोणी बुडवलं हे तुला साहेबाच्या फोनवरून कळू नये, माझ्या हातचं वाचून कळावं, म्हणून हे लिहिलं. फोटोची पद्धत सगळ्या पाड्यांत लागू होणार होती, ती थांबवली आहे. बियाणं वेगळं कसं विचारायचं ते सर तुलाच विचारतील. पडीक राहिलेल्या अर्ध्या पिकाइतकं धान्य कोठीतून पाड्याला पाठवायचं ठरलं आहे. माझ्या नोकरीचं अजून काही ठरलेलं नाही. गुरुवारी सकाळी अकराला मंगळूबाबांच्या अंगणात पाडा जमणार आहे आणि तिथं बोलायची परवानगी मी मागितली आहे. एकतीस घरांची नोंद मी बदलली आणि दोष रोशनीवर जाऊ दिला, एवढंच सांगणार आहे. आमच्या शेतात तुमची माणसं का आली होती, तेही. तू येशील की नाही, माहीत नाही. आलीस तर आत्याशेजारी, तुझ्या माणसांत बस. माझ्या बाजूला येऊन उभी राहू नकोस, आणि ते मला बोलायला लागले की मध्ये पडू नकोस. त्यांचं सगळं बोलून झालं की तुझं जे असेल ते तूही त्यांच्यासमोरच बोल.

अजूनही तुझीच म्हणवून घेण्याचं धाडस करणारी,
वेदिका